उसना गडी

जर्सी डोक्यातून खाली आली आणि पोटाशी अडली. इडवलने श्वास आत ओढला, दोन्ही हातांनी ती खाली खेचली आणि स्वतःच्या छातीकडे पाहिलं. लाल-काळे पट्टे. शेजारच्या नान्तलास क्लबचे हे पट्टे त्याने जन्मभर समोरून पाहिले होते, चिखलात लोळवले होते. आज तेच त्याच्या अंगावर होते, तेही एक माप लहान.

खरं तर सकाळी तो पेन्तरवीच्या बसमधून आला होता, स्वतःच्या रग्बी क्लबच्या राखीव संघाबरोबर, जादा गडी म्हणून. पन्नाशी केव्हाच उलटली होती आणि बूट दोन हंगाम माळ्यावर पडले होते. बायकोने पाठीला पट्टा बांधून दिला होता आणि वर चार शब्द सुनावलेही होते. तरी तो आला, कारण मुलगा स्टेफन याच संघात खेळत होता आणि मंगळवारी न्यूझीलंडला निघणार होता. तिथे एका दुग्धशाळेत नोकरी होती. अशा नोकरीला गेलेली पोरं परत येत नाहीत, सणाला फोन येतात. एकदा तरी स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघ वाकून, खांदे भिडवून एकमेकांना रेटतात तेव्हा, पुढे आपण आणि पाठीमागे मुलाचा खांदा, एवढीच इडवलची इच्छा होती. शेवटची वीस मिनिटं तुला उतरवतो, असं कप्तान हेफिनने कबूलही केलं होतं.

पण मैदानावर पोचल्यावर कळलं की नान्तलासचा एक प्रॉप, स्क्रमच्या पुढच्या फळीतला गडी, इस्पितळात गेलाय, बायकोला कळा सुरू झाल्या म्हणून. स्क्रमच्या पहिल्या फळीत कुणालाही उभं करता येत नाही, मान मोडायची. तिथे तीन तयार गडी नसतील तर सामना सोडून द्यायचा, असा या लीगचा नियम. नान्तलासच्या राखीव संघाने या हंगामात दोनदा सामना सोडला होता. आज तिसऱ्यांदा सोडला असता तर त्यांचं नावच लीगमधून गेलं असतं. पेन्तरवीला न खेळता गुण मिळाले असते, पण या खोऱ्यांमध्ये तसे गुण घेऊन घरी गेलं तर बायकासुद्धा हसतात. गडी कमी पडला तर समोरच्याने द्यायचा, ही जुनी रीत होती.

हेफिन मान खाजवत इडवलपाशी आला.

"त्यांना द्यायला माझ्याकडे तूच आहेस, इडवल."

इडवलने मुलाकडे पाहिलं. स्टेफन बुटाची नाडी बांधत होता.

"जा ना, बाबा," तो म्हणाला. "नाहीतर आज कुणीच खेळणार नाही."

मैदानात उतरल्यावर पहिली कोपरखळी डिल्विनने मारली. डिल्विन हा पेन्तरवीचा प्रॉप, इडवलचा शेजारी, आणि आज नेमका त्याच्या समोरचा गडी.

"आला बघा घरभेदी."

"ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी," इडवल म्हणाला. "आज चहा यांचा प्यायलोय."

बोलला खरा, पण समोर कोण आहे ते दिसत होतं. डिल्विन म्हणजे पिंपासारखा माणूस. त्याच्या मागे स्टेफन, जो ट्रॉलीचं चाक बदलताना जॅक शोधत बसत नाही. पहिल्याच स्क्रमला आपण उताणे पडणार, असं इडवलने गृहीत धरलं होतं. डोकी एकमेकांत अडकली, खांदे भिडले, रेफरीने सांगताच रेटा आला. इडवलने पाठ सरळ ठेवली, टाचा मातीत रोवल्या. तो हलला नाही.

दुसऱ्या स्क्रमलाही हलला नाही. तिसऱ्यालाही नाही. आधी त्याला बरं वाटलं, मग नवल वाटलं, आणि मग शंका आली. एकदा शंका आली की ती जात नाही. आपल्याला आपलं वय ठाऊक आहे, पाठीचा पट्टा ठाऊक आहे. मग हे कसं? पोरगा हातचं राखून ढकलतोय, दुसरं काय. आईने बजावलं असेल.

मध्यंतरात संत्र्याच्या फोडी वाटल्या जात असताना तो मैदान ओलांडून मुलाकडे गेला.

"माझ्या पाठीची काळजी तुझी आई करील," तो हलक्या आवाजात म्हणाला. "तू ढकलायचं काम कर. हा तुझा शेवटचा सामना आहे. तो दया म्हणून खेळू नकोस."

स्टेफनच्या तोंडात संत्र्याची फोड होती. त्याने वडिलांकडे पाहिलं, काहीतरी बोलणार होता, तेवढ्यात शिट्टी झाली. त्याने नुसती मान हलवली.

उत्तरार्ध चिखलातच गेला. शेवटी नान्तलास दोन गुणांनी पुढे होतं आणि त्यांच्याच गोलरेषेजवळ पेन्तरवीला स्क्रम मिळाला. चेंडू रेषेपार रेटून नेला की सामना पेन्तरवीचा. सगळे जण वाकले. या वेळी जो रेटा आला त्याने इडवलच्या कानात घूं झालं. एक पाय सरकला. मागून नान्तलासचा एक गडी, त्यांच्या गावचा खाटीक, ओरडत होता, "धर म्हाताऱ्या, धर." इडवलने गुडघा वाकवला, मान वर केली आणि धरलं. कुणाला धरतोय, कशासाठी, याचा विचार करायला डोक्यात जागाच नव्हती. स्क्रम तिरका फिरला, चेंडू भलतीकडून बाहेर पडला, नान्तलासच्या कुणीतरी तो मैदानाबाहेर लाथाडला आणि शिट्टी वाजली.

नान्तलासचे लोक त्याच्या गळ्यात पडले. त्यांचा संघ वाचला होता. खाटकाने त्याचा मुका घेतला. इडवल हसत होता, पण मन आंबलं होतं. बसमध्ये कुणी उठून जागा द्यावी आणि आपण बसावं, तसं त्याला वाटत होतं. मुलाने शेवटचा सामना बापापायी घालवला होता. रिवाजाप्रमाणे पेन्तरवीचे गडी दोन रांगा करून टाळ्या वाजवत उभे राहिले, आणि त्यांच्यामधून जाताना त्याने पाहिलं, स्टेफन हात कमरेपाशीच ठेवून कशाबशा टाळ्या वाजवत होता.

क्लबात सॉसेज, चिप्स आणि मटार होते. खाणं झाल्यावर प्रत्येक कप्तानाने समोरच्या संघातला सर्वोत्तम गडी निवडायचा. नान्तलासच्या कप्तानाने पाहुण्यांमधून इडवलचं नाव घेतलं. मग हेफिन उठला आणि त्याने यजमानांमधून इडवलचंच नाव घेतलं. खोली हसून लोटपोट झाली. त्याच्यापुढे बिअरचे दोन पेले आले. त्याने एकालाही हात लावला नाही.

पलीकडच्या टेबलावर स्टेफन अजून चिखलाच्या जर्सीतच होता, खांद्यावर कोट टाकून. डाव्या हाताने चिप्स खात होता. वाढणाऱ्या मायर मावशींनी त्याला दोनदा दटावलं, कपडे बदल, खुर्ची घाण होतेय. रुसलाय, इडवलला वाटलं. आपण मध्यंतरात फारच बोललो.

मग स्टेफन उठून त्याच्यापाशी आला.

"बाबा, जरा येता?"

कपडे बदलायच्या खोलीत कुणी नव्हतं. स्टेफन बाकावर बसला आणि ओशाळून हसला.

"जर्सी निघत नाहीये. हात वर जात नाही."

इडवलने आधी डावी बाही सोडवली, मग डोकं, मग सगळ्यात शेवटी उजवी, हळूच. लहानपणी झोपलेल्या पोराचा स्वेटर तो असाच काढायचा. जर्सी हातात आली आणि तो थांबला. उजव्या खांद्याचं कातडं सोलून निघालं होतं. खालचं मांस काळंनिळं पडलं होतं, थेट मानेपर्यंत. एक कान सुजून बटाट्याएवढा झाला होता.

"हे कधीचं?"

"दुसऱ्या स्क्रमपासूनच." स्टेफनने त्याच्याकडे न बघता बुटाची नाडी सोडायचा प्रयत्न केला. "मी पहिल्यापासून जीव तोडून ढकलत होतो, बाबा. तुम्ही हलतच नव्हता."

इडवलने हातातली जर्सी बाकावर ठेवली. इतकी वर्षं ज्याला खाऊपिऊ घातलं, त्याचं सगळं बळ आज पुरा सामनाभर आपल्या अंगावर आलं होतं आणि आपल्याला कळलं नव्हतं. मुलगा पाठीमागे उभा असता तर हे कधीच मिळालं नसतं. इस्पितळातल्या त्या प्रॉपच्या बायकोची सुखरूप सुटका होवो, असं तो मनापासून म्हणाला. मग खाली बसला आणि मुलाच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागला.

"बाहेर दोन पेले आहेत," तो म्हणाला. "एक तुझा."