बारीक शिट्टी

तिने दुसरा हेडफोन डोक्यावरून उतरवला आणि मान हलवली.

"याच्यात काय वाईट आहे?" दुकानदाराने विचारलं. "सगळे हाच नेतात. ढोल कसा घुमतो बघा."

"मला ढोल नकोय, काका. मला एका माणसाची चूक ऐकायचीय."

दुकानदाराने तिच्याकडे नीट पाहिलं. "मग गोडबोल्या घेऊ नका," म्हणत त्याने खालच्या कप्प्यातून एक काळा, रूप ना रंग असा हेडफोन काढला. "हा कुणाला आवडत नाही. जे आहे तेच ऐकवतो. तुमच्या बजेटमध्येही बसेल."

पुस्तकं वाचून रेकॉर्ड करणाऱ्या एका कंपनीत ती आवाज साफ करायची. वाचणाऱ्याचे श्वास, पानांची सळसळ, खुर्चीची करकर काढून टाकायची. गेल्या हिवाळ्यात एका कादंबरीत तिला बारीक शिट्टी ऐकू आली, तसं तिने मास्तरांना सांगितलं. मास्तर म्हणजे तिथले मुख्य. चांगला हेडफोन एकट्या त्यांच्याकडे, बाकीच्यांच्या नशिबी फाटक्या गाद्यांचे. त्यांनी सगळ्यांसमोर ते पान ऐकलं आणि म्हणाले, "शिट्टी तुझ्या कानात आहे, बाई. आधी ते साफ करून घे." सगळे पोट धरून हसले. दुसऱ्या दिवसापासून तिला फायलींना नावं द्यायच्या कामाला बसवलं.

त्याहून वाईट म्हणजे तिचाच स्वतःच्या कानांवरचा विश्वास उडाला. घरी बसल्या बसल्या ती विचारायची, "ताई, फ्रिज वाजतोय ना गं?"

"वाजतोय, माझे आई," बहीण म्हणायची. "आणि परत विचारलंस तर तुला त्यातच कोंबेन."

तिने काळा हेडफोन फोनला जोडला आणि त्यात जपून ठेवलेलं तेच पान लावलं. वाचणाऱ्याचा आवाज कोरडा आला. त्याच्या मागे, डास भुणभुणावा तशी, शिट्टी. तिने मागे नेऊन पुन्हा ऐकलं. होती. तिला इतका आनंद झाला की दुकानदारालाच मिठी मारावीशी वाटली. उद्या सगळ्यांसमोर हा मास्तरांच्या डोक्यावर चढवायचा आणि त्यांचे दात त्यांच्याच घशात घालायचे, तिने ठरवलं.

तेवढ्यात वाचन थांबलं आणि कानातच फोन वाजला. मास्तर.

"ऐक," ते अगदी दबक्या आवाजात बोलत होते. "ती कादंबरी उद्या बाहेर पडतेय. त्या शिट्टीसाठी एकदा ऐकशील?"

"तुम्ही ऐकलीत ना, मास्तर?"

"कान तपासून आलो. बारीक आवाज मला ऐकू येत नाहीत. तेव्हाही येत नसणार. तुझंच खरं होतं."

हेच वाक्य तिने मनातल्या मनात त्यांच्याकडून किती वेळा वदवून घेतलं होतं. म्हातारा रडवेला झाला होता. तिला वाईट वाटलं, पण फार नाही.

"काही कळलं नाही, मास्तर. बाजारात आहे, फार गोंगाट आहे. मोठ्याने सांगा."

दुकानदाराने चमकून रिकाम्या दुकानाकडे पाहिलं.

"इथे सगळे बसलेत गं."

"मग राहू दे. परवा बोलू."

"थांब, थांब!" त्यांनी घसा खाकरला. "मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत! तुझंच खरं होतं!"

त्यांच्या मागे कुणीतरी हसत होतं, कीबोर्ड खडखडत होते. सगळं एकदम थांबलं. हेडफोन खरंच चांगला होता, थांबलेलंसुद्धा स्पष्ट ऐकू आलं.

"अजून तुटतंय, मास्तर," ती म्हणाली. "पुन्हा एकदा सांगता?"