गुरांच्या वाटेवरचा बटरकप

तळ्याकाठच्या कुंपणाचं दार उघडून बाई आत शिरल्या आणि जागच्या जागी थांबल्या. आत कंबरभर गवत माजलं होतं, त्यात पाणकणसं घुसली होती, आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप केला तो बटरकप कुठे दिसत नव्हता. मागच्या उन्हाळ्यात निदान चार फुलं तरी होती.

बाई कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. हा जमिनीवर सरपटणारा रानटी बटरकप त्यांना तरुणपणी याच तळ्याच्या काठी सापडला होता. पाच पाकळ्यांचं पिवळं फूल, वार्निश फासल्यासारखं चकचकीत. पान तीन भागांत चिरलेलं, आणि चवीला इतकं जहाल की चावलं तर जिभेला फोड यावेत. पूर्वी आसपासच्या चार तळ्यांच्या काठी तो होता. एकेक तळं बुजवलं, वर इमारती उठल्या, आणि आता त्याला हा एवढाच काठ उरला होता. इथून गेला की गेलाच.

बाईंना मूलबाळ नव्हतं. लोक जसे मुलांची काळजी करतात तशी त्या या झाडाची करत, आणि कुणी हसलं तर हसू देत. काही वर्षांपूर्वीपर्यंत या काठावर रोज गुरं पाण्याला यायची. त्यांच्या खुरांखाली चिखल नुसता कालवला जायचा आणि फुलं चेंगरायची. बाईंच्याने ते बघवेना. वर्षभर त्यांनी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, पार साहेबांच्या डोक्यावर बसल्या आणि काठाला कुंपण घालून घेतलं. गुरांना बंदी झाली. बाईंचा सत्कारसुद्धा झाला. शिकलेल्या माणसाची ही खोडच असते, कशावर जीव जडला की आधी त्याला कुंपण घालायचं.

"बाहेर तर एवढं गवत नाही, वहिनी," मागून त्यांची नणंद म्हणाली. नवरा गेल्यावर ती भावाकडे येऊन राहिली होती. झाडांमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, पण वहिनीला एकटीला तळ्यावर पाठवायचं नाही असं तिनं ठरवूनच टाकलं होतं.

"बाहेर गुरं चरत होती ना, वन्सं. इथे चरणारं कोण आहे?" बाई म्हणाल्या. आणि बोलता बोलता त्यांचं त्यांनाच उमगलं.

गुरं गवत खायची. बटरकपला तोंड लावत नव्हती, ते फोड आणणारं पान कोण खाणार? म्हणजे इतकी वर्षं गुरांनी काठावरचं गवत तेवढं कापून ठेवलं होतं, खुरांनी चिखल मोकळा केला होता, आणि त्या उघड्या, उन्हातल्या चिखलात हा बुटका जीव पसरत होता. बाईंनी चोर सोडून संन्याशाला सुळी दिली होती. दाराचा खांब धरून त्या मटकन खाली बसल्या.

बसल्या म्हणूनच त्यांना ते दिसलं. दाराच्या अगदी आत, जिथे त्या दर वेळी पाय ठेवत, तिथे एक रोप जिवंत होतं. पिवळं पडलेलं, मलूल. त्याची धावती खोडं चारी बाजूंना निघाली होती, पण ती वाळक्या गवताच्या थरावर तरंगत होती. पेरापेरांतून फुटलेली मुळं हवेत लोंबून सुकली होती. एकाच पेराखाली मूळ मातीत गेलं होतं, आणि ते पेर बाईंच्याच बुटाच्या टाचेखाली चेंगरून चिखलात रुतलेलं होतं.

"गुरं आणायला हवीत. आजच. चिखल सुकायला लागलाय, एकदा कडक झाला की मूळ शिरायचं नाही," बाई उठत म्हणाल्या.

गवळ्याचा गोठा तळ्याच्या पलीकडे होता. बाई नणंदेला घेऊन तिथे पोचल्या. गोठा झाडून स्वच्छ केलेला होता. दावणी रिकाम्या होत्या. गवळी बाजेवर बसून जुना रेडिओ उघडून बघत होता.

"दादा, तुमची गुरं..."

"विकली की. कुंपण घातलंत, मग पाणी कुठून पाजू? दोन वर्षं लांबून वाहून आणलं. नंतर कंबरच धरली," तो शांतपणे म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

"दुसऱ्या कुणाची असतील?"

"आता इकडे कुणी गुरं ठेवत नाही, बाई. का, काय झालं?"

"चुकलं माझं," एवढंच त्या बोलल्या. तो मान हलवून पुन्हा रेडिओकडे वळला.

परतीच्या वाटेवर नणंद म्हणाली, "कुंडीत लावू या ना घरी."

"लावून झालं तेही. तीनदा. आठवड्यात मान टाकतं. त्याला ओला काठच लागतो."

कुंपणाशी येऊन बाईंनी कोयत्यानं गवत कापायला घेतलं. हातांना फोड आले. नणंद पदर खोचून मुठीमुठीनं गवत उपटत राहिली आणि मधूनमधून गवताच्या सात पिढ्यांचा उद्धार करत राहिली. दुपार कलली तेव्हा दाराजवळ खोलीएवढा तुकडा मोकळा झाला. खाली काळा, अजून ओलसर चिखल होता. मधोमध ते एकटं रोप.

बाईंनी बोटांनी एकेक पेर दाबून पाहिलं. खाली राहिलेल्या गवताच्या मुळांच्या जाळीवरून ते पुन्हा उसळून वर येई. बोटांचं हे कामच नव्हतं. त्याला वजन हवं होतं, गुरासारखं. खोडं तुटायला हवी होती आणि तुटलेले तुकडे चिखलात खोल रुतायला हवे होते.

"मग तुडवा," नणंद म्हणाली.

"आणि मेलं तर? हे शेवटचं आहे हो! कुठेच नाही आता दुसरं. मीच..." बाईंनी रोपाकडे पाहिलं. "एकदा मीच मारलंय. आता पुन्हा माझ्याच पायाखाली?"

"मी तुडवते मग. मी वजनालाही बरी आहे."

"नको!" बाई ओरडल्या. "नको वन्सं. मीच तुडवते."

त्यांनी बूट काढले. एक पाय उचलला, पण रोपावर टेकवलाच नाही. पुन्हा उचलला. ते पिवळं पडलेलं पान त्यांच्या तळव्याखाली दिसत होतं, आणि पाय बाजूलाच पडत होता, दर वेळी बाजूलाच. चिखलाच्या कडा पांढऱ्या पडायला लागल्या होत्या. बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

नणंद त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. तिनं वहिनीचे दोन्ही हात घट्ट धरले.

"वहिनी, गुरं खाली बघत नाहीत," ती म्हणाली. "माझ्याकडे बघा."

बाईंनी मान वर केली, नणंदेच्या घामेजल्या तोंडाकडे पाहिलं आणि सगळा भार टाकून पाऊल रोवलं. टाचेखाली काहीतरी तुटल्याचं त्यांना कळलं. त्यांनी दुसरं पाऊल उचललं.