मंगळवारचा रिकामा बॅकअप

नोएलने खुर्ची उंच करून ठेवली होती. बाळंतपणाच्या रजेवरून आल्या दिवशी किर्स्टन त्या खुर्चीत बसली आणि तिचे पाय अधांतरी लोंबकळले. आपलीच खुर्ची, आपलंच टेबल, आणि पाय टेकायला जागा नाही! तेव्हापासून तिचा जळफळाट चालला होता.

सरोवराकाठच्या त्या खाणगावात संग्रहालय केवढं, तर एका दमात फिरून व्हावं एवढं. संगणक सांभाळायला जागा एकच. नोएल पेलेटिये बदली म्हणून आलेली, महिनाअखेरपर्यंत. पण संचालक वेंडेल ट्रेगियर आताशा ‘महिनाअखेर’ हा शब्दच काढत नव्हते. आपल्या पॅस्टीचा, म्हणजे त्या मांस-बटाट्याच्या मोठ्या करंजीचा, तुकडा सख्ख्या भावालाही न देणारा हा म्हातारा नोएलला जेवताना खुशाल अर्धी तोडून द्यायचा! किर्स्टनच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

मंगळवारी सकाळी चौऱ्याण्णव वर्षांच्या हिल्मा आहो आजी आठवणी रेकॉर्ड करायला आल्या. खाणकामगारांच्या खाणावळीत राबलेल्या बायकांपैकी उरलेल्या त्या एकट्याच. माइकसमोर बसतानाच त्यांनी बजावलं, “एकदाच सांगेन. पुन्हापुन्हा सांगायला मी पोपट नाही.” आणि दोन तास बोलल्या.

बॅकअपचा शिरस्ता ठरलेला होता. रविवारी सगळ्याची पूर्ण नक्कल आणि इतर दिवशी संध्याकाळी फक्त मागच्या बॅकअपनंतर जे नवं आलं तेवढंच. पण किर्स्टनचा नोएलवर विश्वास कुठे होता? दुपारी नोएल बाहेर गेली तशी तिने गुपचूप पूर्ण बॅकअप एका छोट्या डिस्कवर घेतला आणि डिस्क बाळाच्या लंगोटांच्या पिशवीत टाकली. हिचं पितळ उघडं पडेल, तेव्हा हुकमाचा पत्ता आपल्या हाती असलेला बरा.

गुरुवारी सर्व्हर बसला. शुक्रवारी सकाळी नोएलने सगळं परत आणायला घेतलं. रविवारचा बॅकअप आला, सोमवारचा आला. मंगळवारचा आला, बुधवारचाही आला. हिल्मा आजी मात्र आल्याच नाहीत.

“अगं, असं कसं होईल?” वेंडेलचा आवाज चढला. “तू बघितलं नव्हतंस?”

“बघितलं होतं. हिरवी खूण आहे, हे बघा.” नोएलचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“खुणेचं काय लोणचं घालू? ती बाई पुन्हा बोलायची नाही!”

किर्स्टनला आतून गुदगुल्या झाल्या. लाज वाटावी इतक्या.

नोएल मात्र पडद्याला नाक लावून नोंदी वाचत होती. “खूण हिरवी, पण आकार बघा, चिमणीच्या दाण्याएवढा. संध्याकाळच्या बॅकअपनं विचारलं, मागच्या बॅकअपनंतर नवं काय? उत्तर आलं, काही नाही. म्हणजे मधेच कुणीतरी दुसरा बॅकअप घेतलाय.” तिने खणातून एक मळकी वही काढली. “किर्स्टन, तूच लिहिलंयस ना? ‘मधेच नक्कल घ्याल तर ही नक्कल हिशेबात धरू नये अशी खूण करा, नाहीतर संध्याकाळचा बॅकअप रिकामा निघेल.’ या वहीवर तर मी तीन महिने तरले, बाई!”

किर्स्टनला घाम फुटला. मंगळवारी घाईघाईत तिने ती खूण केली नव्हती. हात दाखवून अवलक्षण! हिल्मा आजींचे दोन तास जगात एकाच ठिकाणी होते, तिच्या मांडीवरच्या पिशवीत.

गप्प बसलं तर नोएल सोमवारपर्यंत घरी. आणि आजींचा आवाज कायमचा गेला.

तिने पिशवीत हात घातला. लंगोट निघाला, दुधाची बाटली निघाली, मग डिस्क.

“हे कुठलं?” वेंडेलनी विचारलं.

“मंगळवार दुपारचं. मीच घेतलं. खूण करायची राहिली.”

“पण घेतलंसच कशाला?”

“पोटात दुखत होतं माझ्या,” किर्स्टन खाली बघत म्हणाली. “हिच्याकडे बघून.”

डिस्कला दुधाचा आंबूस वास येत होता. नोएलने ती बाहीला पुसली, जोडली, आणि थोड्या वेळाने कर्ण्यातून आवाज आला, “एकदाच सांगेन...” वेंडेल खिडकीकडे तोंड करून नाक पुसत राहिले. मग न वळताच म्हणाले, “पुन्हा चोरून काही करशील तर बघ.”

ते गेल्यावर नोएल म्हणाली, “वेडी आहेस. माझं तर महिनाअखेरीला जायचं पक्कं झालंय. डुलुथ शहरात, मोठ्या इस्पितळात नोकरी लागलीय, संगणकाचीच. वेंडेलना ते बोलवत नाही, म्हणून तो शब्द काढत नाहीत. आणि ती खुर्ची डावीकडच्या दांडीने खाली येते. सांगायचं नाही का?”

किर्स्टनने दांडी ओढली. पाय जमिनीला टेकले. हायसं वाटलं, अगदी घटकाभर.

डुलुथला. मोठ्या इस्पितळात. हिला बरं मिळालं!