वैदिणीला एक पुरतो

बॅलन्स म्हणे! तो शब्द ऐकला की अजून माझ्या अंगाची लाही लाही होते.

दर रविवारी दुपारी आम्ही चौघं दादाच्या जेवणाच्या टेबलाभोवती बसून फासे टाकतो आणि गोष्टीतले राक्षस मारतो. दादा गोष्ट रचतो, शेवटचा शब्द त्याचाच. वहिनी जादूगार. तिचा धाकटा भाऊ लढवय्या, काडीसारखा आहे म्हणून त्याला आम्ही पैलवान म्हणतो. आणि मी वैदीण. हे पात्र खेळाच्या नियमांच्या पुस्तकातलं नाही, मी स्वतः बनवलेलं. तिची शक्ती एकच, दुसऱ्याचा घाव ती आपल्या अंगावर घेते. माझ्या कागदावर तिचे प्राण चाळीस. घाव घेतला की तेवढे कमी होतात, झोप काढली की भरून येतात.

"तुझी बाई फार भारी पडतेय," एका रविवारी दादा म्हणाला. "सहा महिन्यांत कुणी मेलंच नाही. यापुढे तिने घेतलेले घाव भरणार नाहीत."

"अरे वा! मार मी खायचा आणि भारीही मीच?"

"खेळात बॅलन्स लागतो गं."

चोर सोडून संन्याशाला फाशी! पैलवानाने माझ्या जिवावर ढाल विकून दुसरी तलवार घेतली होती. कशात पण उडी मारायचा. वर म्हणायचा, "ताई आहे ना!" ते दादाला दिसलं नाही. त्याने तपासला फक्त माझा कागद.

तीन रविवारांत चाळिसाचे नऊ झाले. वहिनीने एकदा विचारलं, "चालेल ना गं तुला?" मी चालेल म्हटलं. तेही माझंच चुकलं.

काल गुहेत तीन तोंडांचा राक्षस निघाला. वहिनी म्हणाली, मागे फिरू. पैलवान ऐकतोय कशाला? घेतली उडी. त्याचे उरले होते पाच, घाव पडला आठांचा.

आणि कुणी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पैलवान पुढचा वार करायला फासे खुळखुळवत होता. दादाने माझा कागद ओढून नऊचा आकडा खोडायला घेतला.

"हात काढ," मी म्हणाले. "मी घाव घेतलेला नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे तो मेला."

पैलवानाच्या हातातले फासे टेबलावर सांडले. "ताई, तीन वर्षांचं पात्र आहे माझं!" त्याचा आवाज खरंच फुटला. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण राग त्याहून मोठा होता.

"अगं, असं काय करतेस?" दादा ओरडला. "आठ गेले तरी तुझा एक उरला असता ना!"

"हो ना. तुमच्या मते मला तेवढा पुरतो."