काळं दिसलं तर सांगा

बाबांना काचघरात सोडलं की पायाला भिंगरी लागते आणि घरात बसवलं की माणूस विझतो. गेल्या थंडीत त्यांना सक्तीने घरी बसवलं होतं, तेव्हा त्यांनी दारं-खिडक्यांच्या बिजागऱ्यांना तेल घालघालून भिंतींवर ओघळ आणले आणि मग एक दिवस बोलणंच बंद केलं. ते मी पुन्हा बघणार नव्हते.

डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं, आयुष्यभर औषधं फवारलीत, आता छाती थकली. जिथे फवारणी होते तिथे पाऊल टाकायचं नाही. म्हणून या हंगामात आमच्या टोमॅटोवर मी औषधाचा थेंब पडू दिला नाही. पांढऱ्या माशीवर मित्रकीटक सोडले. हा मित्रकीटक म्हणजे गांधीलमाशीच, पण टाचणीच्या टोकाएवढी, माणसाला न चावणारी. ती पांढऱ्या माशीच्या पिल्लात अंडं घालते आणि तिचं बाळ त्या पिल्लाला आतून खाऊन मोठं होतं.

काचघर निम्मं काकांचं. काका म्हणजे नाकावर माशी बसू न देणारा माणूस, आणि इथे तर शेंडा हलवला की पांढरा धुरळा उडायचा. तरी ते थांबले होते. "पहिल्या तोड्यापर्यंत, पहिली फळं उतरेपर्यंत," ते म्हणाले होते. "तोवर तुझ्या किड्यांनी काही केलं नाही तर मी फवारणीचा पंप उचलणार, मास्तरीणबाई. मग दादाने घरी बसायचं."

मला वाट बघता येत नाही. आमच्या घराण्यात कुणालाच येत नाही. गांधीलमाशीचं बाळ आत वाढायला लागलं की पांढऱ्या माशीचं पिल्लू काळं पडतं, म्हणून मी रोज भिंग घेऊन खालची पानं उलटीपालटी करायचे. सगळी पिल्लं पांढरी. दुसऱ्या दिवशीही पांढरी. जेवताना मध्येच उठून पुन्हा काचघरात जायचे. बाबा माझ्याही आधी आत गेलेले असायचे, ओळींमधून येरझारा घालत. मी काही विचारलं की "काही नाही, काही नाही" म्हणायचे.

तोड्याच्या आदल्या दिवशी मला पंप ओला दिसला आणि माझं डोकं फिरलं.

"काका, खरं सांगा, गुपचूप फवारलंत ना?"

"काय?"

"पंप ओला कसा मग?"

"धुतला. परवा लागणार आहे तो."

"मग माझे किडे कशाने मेले?"

काकांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. ते चिडतील असं वाटलं होतं, पण आवाज चढला नाही. "मी फवारलं असतं, तर दादा आत फिरला असता का गं? जागच्या जागी कोसळला असता. भाऊ आहे तो माझा."

हे मला सुचायला हवं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघाले होते मी. पण माफी मागण्याइतकी शुद्ध कुणाला होती? तशीच तरातरा मागच्या दाराने बाहेर पडले.

पाण्याच्या टाकीमागे प्लॅस्टिकच्या पारदर्शक पिशव्या रचलेल्या होत्या, तोंडं सुतळीने बांधलेली. गाठ बाबांची, आमच्याकडे अशी सुटता न सुटणारी गाठ दुसरं कुणी मारत नाही. आत टोमॅटोची पानं. पानांच्या मागे काळे ठिपकेच ठिपके. आणि पिशवीला आतून काहीतरी चिकटून सरकत होतं. मी भिंग लावलं. काळं डोकं, पिवळं पोट. माझे किडे!

"बाबा!"

ते धापा टाकत आले आणि पिशवी बघून जागीच थांबले.

"काजळीची बुरशी धरली होती," ते हळूच म्हणाले. "वेळेवर काढली. तुझ्या काकाला बोलू नकोस."

"बाबा, मी तुम्हाला म्हटलं होतं ना, काळं दिसलं तर लगेच सांगा?"

"म्हणून तर नाही सांगितलं. ज्या घाबऱ्या तोंडाने तू ते बोललीस ना... मला वाटलं, काळं दिसलं की खेळ खलास. माशी मातली की काजळी येतेच, जन्मभर बघतोय. म्हटलं, रोज थोडी थोडी काढू. जितकं ढकलता येईल तितकं."

"काजळी पानाच्या वर धरते! हे खाली आहे, पिल्लांवर आहे. आपण जिंकत होतो बाबा, आणि तुम्ही जिंकलेलं सगळं पिशव्यांत कोंबत होतात!"

मला हसू येत होतं की रडू, मलाच कळेना. काका कधी मागे येऊन उभे राहिले तेही कळलं नाही. त्यांनी माझ्या हातातून भिंग घेतलं, बराच वेळ पिशवीत बघितलं.

"मला आधी सांगायचं ना रे, दादा."

"तू पंप उचलला असतास."

"उचलला असता," काका म्हणाले. मग त्यांनी दोन पिशव्या बगलेत मारल्या. "कुठे सोडायचे हे? चल, दाखव. थांबतो अजून."

आम्ही तिघांनी पानं आत नेऊन ओळींच्या तळाशी पसरली. काकांना मी काय काय सांगत होते, ते हं हं करत होते. वळून बघते तर बाबा एका झाडापाशी वाकलेले. अंगठ्याने देठ मोडला, पान अलगद खिशात सरकवलं. त्यांचं त्यांना कळलंसुद्धा नाही. मी त्यांच्या खिशात हात घालून पान काढलं आणि उलटं केलं. मागे काळे ठिपके.

बाबा ते पान बघत राहिले, मग स्वतःचे हात.

बोलायचं मलाच होतं. हे वाक्य कुणी त्यांना बोलू नये म्हणून मी अख्खा हंगाम काकांशी भांडले होते.

"बाबा, तुम्ही बाहेर थांबा."

"किती दिवस?"

"माहीत नाही."

त्यांनी मान डोलावली. वाद घातला असता तर बरं झालं असतं. ते ओळीच्या कडेकडेने, पानांना अंगाचा स्पर्श होऊ न देता बाहेर गेले, आणि आतला एकही किडा निसटू नये म्हणून दार ओढून घेतल्यावर फट दोनदा दाबून बघितली.