वेलाच्या खोलीचा करार

मित्रांनो, माझ्या अंगावर आता अक्षरांपेक्षा घड्याच जास्त दिसतात. तरी ओळख करून देतो. मी एक जुना भाडेकरार आहे.

माझा जन्म टायपिस्टच्या टेबलावर झाला. त्याची रीत मोठी सोयीची. जुना करार समोर ठेवायचा, नावं आणि तारखा बदलायच्या, बाकी जसंच्या तसं उतरवायचं. त्याने खोलीचा नंबर विचारला. नंबर होते घरपट्टीच्या कागदात, मालकीणबाईंना ते कुठले ठाऊक! त्यांच्या घरात खोल्या होत्या गच्चीजवळची, नळाजवळची, वेलाची. "वेलाची लिही की," त्या म्हणाल्या. तो हसला, आणि जुन्या करारातला पाच नंबर तसाच माझ्या कपाळी आला. बाईंनी वरचं काही वाचलं नाही. खाली मात्र स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली, 'खिडकीवरचा वेल तोडू नये,' आणि सही केली.

भाडेकरू होती शिवणकाम करणारी ताई आणि तिची आई. आईला दिसत नव्हतं, पण त्या खोलीतला कोपरान् कोपरा तिच्या हातांना पाठ होता. मी मशीनच्या खणात पडून असायचो. तेलाचे डाग पडले, पण मी सुखात होतो.

मग मालकीणबाई गेल्या आणि घर भाच्याकडे आलं. त्याला खोली मोकळी हवी होती. माझी मुदत बाकी होती, पण त्याने माझ्यातला नंबर वाचला.

"करार पाचचा, राहता दोनमध्ये! हा करारच खोटा."

ताईच्या तोंडचं पाणी पळालं. नव्या जागेत आई पुन्हा चाचपडणार, हे तिला सहन होईना. मला तर माझीच लाज वाटली.

ताई मला घेऊन भाड्याचे तंटे सोडवणाऱ्या कचेरीत गेली, भाच्यालाही तिथे बोलावणं गेलं. तिथल्या साहेबांनी मला शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. भाच्याला विचारलं, "पाच नंबरच्या खिडकीला वेल आहे का हो?"

"नाही. तो दोनलाच आहे."

"मग तुमच्या मावशींनी कुठली खोली दिली, ते उघड आहे. लिहिणाऱ्याचा हात चुकला म्हणून करार मोडत नाही. नंबर दुरुस्त करा आणि दोघं शेजारी सह्या करा."

मावशीचं अक्षर पाहून भाच्याने निमूट सही केली.

मित्रांनो, सही करण्याआधी आम्हाला नीट वाचत जा. आणि चूक सापडली, तर तिच्यावरून कुणाला घराबाहेर काढू नका, ती दुरुस्त करा.

घरी आल्यावर ताईने आईचं बोट धरून त्या दुरुस्तीवर ठेवलं. आईने ते बराच वेळ तिथेच राहू दिलं. मग ती कुणाचाही आधार न घेता उठली, तांब्या भरला आणि वेलाला पाणी घालायला खिडकीशी गेली.