सुनावणी आणि सुनावलं

पार्लरचं लायसन्स रद्द झालं म्हणून ताईने न्यायाधिकरणात अपील केलं, आणि सोबत आले कोण, तर धाकटे काका. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला माणूस! जन्मात एक केस लढला नाही, पण काळा कोट मात्र शिवून घेतलेला.

आत लांब टेबलामागे बसलेल्या बाईंनी विचारलं, "रद्द करण्याआधी सुनावणी झाली होती का?"

काकांनी छाती फुगवली. "झाली म्हणजे काय! मी स्वतः ऑफिसात जाऊन साहेबाला असं सुनावलं, की त्याचा चहा गार झाला!"

लायसन्स खात्याचा कारकून गालात हसला. बाई लिहायला लागल्या. सुनावणी झाली असं एकदा कागदावर चढलं की पार्लरला कायमचं कुलूप.

"काका, तोंड मिटा!" ताई उसळली. "मॅडम, हे नुसते भांडून आले, तेही रद्द झाल्यावर. आधी मला कुणी बोलावलंच नाही. माझं ऐकलंच नाही."

बाईंनी कारकुनाकडे बोलावल्याचा पुरावा मागितला. तो फाईल चाळत बसला, जसा काही पुरावा तिथे आता उगवणार होता.

"रद्दचा आदेश मागे," बाई म्हणाल्या. "आधी यांचं ऐका, मग ठरवा. तोवर पार्लर चालू राहील."

बाहेर येताच काका कोट झटकत म्हणाले, "बघितलंस, कसा मुद्दा काढून दिला?"

"हो ना," ताई म्हणाली. "पुढच्या तारखेला नुसता कोट पाठवा. तो गप्प तरी बसेल."